किड्यांची वाट बघताना

थांबवा. चित्र इथेच थांबवा.

रिमोट खाली ठेवा. हात मोकळे सोडा.

पडद्यावर तटबंदी आहे. तटावर शिपाई उभे आहेत. करडे कपडे, डोक्यावर शिरस्त्राण, हातात लांब बंदुका. समोर माळ. उजाड, मातकट, उंचसखल.

माळावर काहीच नाही.

शिपाई बघताहेत. तुम्हीही बघा.

सिनेमा आहे ‘स्टारशिप ट्रूपर्स’. साल १९९७. दिग्दर्शक पॉल व्हर्होवेन. माणसांचं आणि परग्रहावरच्या किड्यांचं युद्ध पेटलंय. एकेक किडा घोड्याहून मोठा. जरा वेळाने ते त्या टेकाडांपलीकडून येणार आहेत. शेकड्यांनी नाही, हजारांनी.

अजून आलेले नाहीत.

आपण इथे बसू या. ते येण्याआधीच्या या जागेत.

श्वास आत येतोय. बाहेर जातोय. येऊ द्या, जाऊ द्या.

आता डोळे पडद्यावरच असू द्या, पण कान घरात आणा.

पंखा फिरतोय. त्याच्या आवाजात एक बारीक खटका आहे. तो रोजच असतो. आज ऐका.

आतल्या खोलीत कुणीतरी भांडी पालथी घालतंय. खाली गल्लीत स्कूटर सुरू होत नाहीये. किक बसते, थांबते, पुन्हा बसते.

लांब रुळांवरून गाडी जातेय. अंबरनाथची असेल, बदलापूरची असेल, कर्जतची असेल. नुसत्या आवाजावरून कळत नाही. कळायला हवंच असंही नाही.

तुम्ही उल्हासनगरात असाल, कॅम्प चारमध्ये, जुन्या बॅरेकवर माळा चढवून वाढवलेल्या घरात. अंबरनाथ पूर्वेला असाल. किंवा बदलापूरच्या नव्या टॉवरमध्ये, जिथून दिवसा चंदेरीचा सुळका दिसतो. आता रात्र आहे. सुळका जागेवरच आहे, दिसत नाही एवढंच.

खिडकी उघडी असू द्या. पाऊस नुकताच थांबलाय. ओल्या मातीचा वास अजून आत येतोय.

पुन्हा पडद्याकडे.

माळ. तट. शिपाई.

त्यातल्या एका चेहऱ्याजवळ जा.

हा जॉनी रिको. नट कॅस्पर व्हॅन डीन. गोष्टीप्रमाणे हा ब्युनोस आयर्सचा, म्हणजे अर्जेंटिनाचा पोरगा. दिसतो मात्र नखशिखांत अमेरिकन.

जबडा बघा. कानाखाली तो काटकोनात वळतो. सावकाश बघा, घाई नाही.

दात बघा. युद्ध चाललंय, परग्रहावरची धूळ उडतेय, आणि दात पांढरेशुभ्र.

या सिनेमातली सगळीच तरुण मंडळी अशी. डेनिस रिचर्ड्सची कार्मेन अवाढव्य अंतराळयान चालवते. समोरून उल्का येते, यान कलंडतं, भिंती फाटतात. तिचे केस जागच्या जागी.

हसू येतंय?

येऊ द्या. ते कुठून येतंय तेवढं बघा. नाकातून येतंय की पोटातून? नाकातलं हसू जरा उंचावरून बघतं. पोटातलं खाली बसून येतं. दोन्ही येतील. आलेलं ओळखायचं, ढकलायचं नाही.

हे सगळं खोटं आहे, तुम्हाला माहीत आहे. सिनेमालाही माहीत आहे. त्याने ते लपवलेलं नाही.

कोकणातून इकडे येऊन राहिलेल्या घरांना यात नवल वाटणार नाही. दशावतारात संकासुर येतो. काळा वेश, टोकदार काळी टोपी, बाहेर लोंबणारी लाल जीभ. आत माणूस आहे हे जत्रेतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी पोरं आईच्या पदराआड जातात, आणि एक डोळा बाहेर ठेवतात.

तो बाहेर ठेवलेला डोळा.

आज त्याच डोळ्याने बघायचंय.

आता शिपाई कुठे बघताहेत ते शोधा.

त्यांच्या नजरेबरोबर हळूहळू पुढे जा. तटावरून खाली. माळावर. माळाच्या भेगांवरून, त्या पलीकडच्या टेकाडांपर्यंत.

तिथे खरोखरच काही नाही.

हा माळ अमेरिकेतला. चित्रीकरण १९९६ सालचं. ऊन खरं, वारा खरा, धूळ खरी. बंदुकांचा बार खरा. काडतुसात दारू होती, गोळी नव्हती. किडे मात्र नव्हते. ते नंतर आले, फिल टिपेट यांच्या स्टुडिओत, संगणकावर, एकेक पाय हलवत. ‘ज्युरासिक पार्क’च्या डायनासोरांना चालायला शिकवणाऱ्यांपैकी हे टिपेट. ते डायनासोर १९९४ मध्ये आपल्याकडे हिंदीतून आले होते. तुमच्यापैकी काहींनी तेव्हा खुर्चीचे हात घट्ट धरले असतील.

मग या नटांनी घाबरायचं कुणाला?

व्हर्होवेन स्वतः कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहायचा. उड्या मारायचा. किंचाळायचा. वय अठ्ठावन्नच्या आसपास. हॉलंडमध्ये नाव कमावलेला, हॉलिवूडमध्ये ‘रोबोकॉप’ करून बसलेला दिग्दर्शक, भर उन्हात किडा झालेला.

मला हे सिनेमाइतकंच आवडतं.

ते डोळ्यांसमोर आणा. तटावर शस्त्रं रोखलेली देखणी पोरं. समोर एकटाच ओरडणारा माणूस. कुणी हसत नाहीये. सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे. त्याच्याकडेही नाही, त्याच्या जागी जो नाही त्याच्याकडे.

मग त्या माणसालाही जाऊ द्या. तो गेला.

माळ पुन्हा रिकामा.

रिकाम्या जागेकडे इतकं जीव तोडून बघणारी माणसं. घामेजलेली. बोट चापावर. पापणी हलत नाही.

आपणही बघू या. काही दिसावं म्हणून नाही.

श्वास आत.

श्वास बाहेर.

काही नाही.

काही नाही.

खिडकीतून काहीतरी आत आलं.

पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटतात आणि ती उजेडाकडे झेपावते. तुमची ट्यूबलाइट बंद आहे. घरात उजेड एवढाच, या पडद्याचा.

पाखरू पडद्यावर बसतं. बरोबर माळाच्या मधोमध.

तुमचा हात उठतोय, झटकायला.

उठू दे. उठला हे कळलं ना? आता खाली ठेवा.

पाखराला चार पंख आहेत, अंगापेक्षा लांब. ते चालतं तेव्हा पंख मागे फरफटतात. मग एक गळतो. मग दुसरा. कुणी ओढला नाही, आपोआप. पंख टाकून ते चालत राहतं, परग्रहाच्या आकाशावरून, एका शिपायाच्या शिरस्त्राणावरून, पडद्याच्या काठापर्यंत.

आणखी दोन येतात. आणखी चार.

कोपऱ्यातून पाल निघाली आहे.

ती सिनेमाकडे बघत नाही. ती पाखराकडे बघतेय. पाय भिंतीला चिकटलेले, मान किंचित वर. हलत नाही. फक्त पोट वरखाली होतंय.

जमलं तर थोडा वेळ तिच्या पोटाबरोबर तुमचा श्वास राहू द्या. पालीची किळस असेल तर नको. आमच्या घरातही एकाला जमतं, एकाला नाही.

वर. खाली.

वर. खाली.

तिने झेप घेतली की नाही, ते बघायला आपण थांबणार नाही. पडद्याकडे या.

पाठ भिंतीला टेकवा.

भिंत गार आहे. थोडी ओल धरलेली.

उल्हासनगरच्या जुन्या भागात बसला असाल तर या भिंतीपाशी जरा जास्त वेळ थांबा. दुसऱ्या महायुद्धात इथे कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प होता. दोन हजारांवर बॅरेकी. सहा हजार सैनिकांची आणि त्यांच्याखेरीज तीस हजार माणसांची सोय. सैनिक यायचे, राहायचे, पुढे पाठवले जायचे.

त्यातला एक इथे बसलाय असं समजा. तुमच्यासारखाच, पाठ टेकून. पावसाळ्याची रात्र. बूट काढून बाजूला ठेवलेत. पुढचा हुकूम आलेला नाही. कुठे जायचं हे त्याला सांगितलेलं नाही.

त्याच्यासमोर पडदा नाही. दार उघडं आहे, बाहेर अंधार आहे, आणि तो अंधाराकडे बघतोय.

त्याचं नाव नको. गाव नको. फक्त पाठ आणि भिंत.

थांबा त्याच्याजवळ.

मग युद्ध संपतं. बॅरेकी रिकाम्या होतात. फाळणी होते, आणि सिंधमधून निघालेली कुटुंबं इथे येऊन उतरतात. ट्रंका, गाठोडी, लहान पोरं. लांबच लांब बॅरेक, मधे कापड नाहीतर गोणपाट लावलेलं, अलीकडे एक घर, पलीकडे दुसरं. रात्री पलीकडचा खोकला अलीकडे ऐकू येतो.

८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसते. कॅम्पचं उल्हासनगर होतं. आकडे मात्र जात नाहीत. आजही रिक्षावाल्याला सांगायचं ते ‘चार नंबर’, ‘पाच नंबर’. सैन्य गेलं, त्याची मोजणी राहिली.

पुढे याच गावात थिएटरांवरून चौक ओळखले जाऊ लागले. श्रीराम चौक. व्हीनस चौक. छावणीला सिनेमाचं वेड लागलं ते चांगलंच.

हे सगळं एकमेकांना जोडू नका. जोडावंसं वाटतं, मलाही वाटतंय. नुसतं शेजारी शेजारी असू द्या. तटावरचे शिपाई. बूट काढून बसलेला सैनिक. गोणपाटाआडून येणारा खोकला.

आणि पाठीला लागलेली गार भिंत.

आता रिमोट उचला.

दाबण्याआधी अंगठ्याकडे बघा. त्याला किती घाई आहे. त्याला थोडं थांबवा.

आता दाबा.

किडे येतात.

आधी टेकाडाची कड हलल्यासारखी वाटते. मग ती कड खाली सांडते. माळाचा रंग बदलायला लागतो, मागून पुढे, मागून पुढे, आणि मग पाय दिसतात. टोकदार. जमिनीत रुतणारे, उपसणारे. पाय, आणि पाय, आणि पाय.

आवाज वाढवू नका. शेजारी झोपलेत. आहे त्या आवाजात सगळं आहे.

ऐका.

सगळ्यात वर बंदुकांचा कडकडाट. त्याखाली किड्यांची किंचाळी. त्याखाली बेसिल पोलेडोरिसचं संगीत, नगारे आणि पितळी वाद्यं, पाऊल उचलायला लावणारं. आणि सगळ्याच्या खाली, नीट ऐकलंत तर, तुमचा पंखा. त्याचा खटका.

किती थर आहेत. एकातून दुसऱ्यात उतरा. परत वर या.

छाती थोडी फुगलीय का? संगीताने फुगवलीय. त्यासाठीच ते रचलंय, आणि फार नेटकं रचलंय. फुगू द्या. फुगलेली छाती आतून कशी लागते ते बघा.

आता किड्यांकडे बघू नका. शिपायांकडेही नको. बंदुकीच्या कडेने उडणाऱ्या पुंगळ्या बघा.

पिवळ्या. बोटाएवढ्या. प्रत्येक पुंगळी हवेत एकदा चमकते आणि खाली जाते.

अंबरनाथच्या कित्येक घरांत ही चमक ओळखीची आहे. ‘ऑर्डनन्सला आहे’ एवढं म्हटलं की तिथे पुढे कुणी विचारत नाही. काडतुसांसाठी लागणारं पितळ त्या कारखान्यात वितळतं, ओतलं जातं, दाबून घडवलं जातं. पिढ्या गेल्या त्यात. त्या खात्यातून निवृत्त झालेला कुणी हा सिनेमा बघत असेल, तर मला वाटतं, तो किडे बघत नसेल. पुंगळ्या कुठे पडतात ते बघत असेल.

त्याच्या नजरेने एक पुंगळी निवडा.

वर जातेय. थांबली. चमकली.

खाली येतेय. तिच्याबरोबर खाली या.

पुढची निवडा.

मजा येतेय.

हे मोठ्याने कबूल करायला थोडं अवघड जातं, म्हणून मनातच म्हणा. मजा येतेय.

मघाशी रिको रणगाड्याएवढ्या किड्याच्या पाठीवर चढला होता. आठवा. किड्याने त्याला झटकायचा प्रयत्न केला, हा पडला नाही. पाठीला भोक पाडलं, भोकात बॉम्ब टाकला, उडी मारली. किडा फुटला. मग रात्री छावणीत गाणंबजावणं झालं आणि एका शिपायाने व्हायोलिन वाजवलं. व्हायोलिन हिरवं. पारदर्शक.

कुणाला सुचलं असेल ते? दोनशे-तीनशे वर्षांनंतरचं युद्ध, आणि त्यात हिरवं व्हायोलिन. कुणीतरी ते बनवायला सांगितलं, कुणीतरी मन लावून बनवलं.

आणि ते दुसरे किडे, जे शेपटाकडची बाजू आकाशाकडे करतात आणि तिथून निळी आग सोडतात, आणि वर अंतराळात जहाजं फुटतात. ही कल्पना ज्याने पहिल्यांदा कागदावर लिहिली त्याच्या चेहऱ्याचा विचार करा. तो नक्की हसत होता.

आपल्याकडेही १९६७ साली दारासिंग चंद्रावर जाऊन आलेत. ‘चाँद पर चढाई’. नील आर्मस्ट्राँगच्या दोन वर्षं आधी. दारासिंग चंद्रावर गेल्यावर काय करणार? मारामारी. दुसरं काय अपेक्षित होतं?

आता मजा शरीरात कुठे आहे ते शोधा.

डोक्यात नाही. गालांत थोडी आहे. खांद्यांत आहे, खांदे वर गेलेत. पायाच्या बोटांत आहे. बघा, बोटं आवळली गेलीत.

खांदे सोडा. बोटं सोडा.

मजा गेली का? नाही गेली. आहेच.

तिला आवळून धरायला लागत नाही.

पोरं झोपलीत ना? एकदा बघून या हवं तर. हा सिनेमा त्यांच्यासाठी नाही. माणसांचे तुकडे होतात यात, आणि कॅमेरा तोंड फिरवत नाही.

या परत.

डिझी पडते.

तटावरून माघार घेताना, विमान दोन पावलांवर असताना, किडा तिला गाठतो. डिना मायर ही नटी. शाळेपासून रिकोवर जीव टाकणारी मुलगी. त्याने वळून बघेपर्यंत सिनेमा बराच पुढे गेलेला. आता ती त्याच्या मांडीवर आहे. बोलणं दोन-चार वाक्यांचं, कित्येक सिनेमांत ऐकलेलं.

आणि तरी.

घशात काहीतरी आलंय. बघा. गिळू नका लगेच.

ते खोट्या माणसासाठी आलंय. खोट्या ग्रहावर, संगणकातल्या किड्याने मारलेल्या माणसासाठी. पण घसा खरा आहे. त्याला कुणी सांगितलेलं नाही.

राहू द्या तिथे. ते आपलं आपण उतरेल.

श्वास आत.

श्वास बाहेर.

सिनेमा पुढे जातो. तो डिझीसाठी फार थांबत नाही. तुम्हाला थांबावंसं वाटलं तर थांबा. रिमोट तुमच्याकडे आहे.

आता शेवटाजवळ आलो. पुन्हा थांबवू या. या वेळी चित्रात कोट आहे.

लांब, गडद, चामड्याचा कोट. आत कार्ल, रिकोचा शाळेतला मित्र. नट नील पॅट्रिक हॅरिस. शाळेत असताना फेरेट या मुंगसासारख्या पाळीव प्राण्यावर मानसिक प्रयोग करणारा खट्याळ पोरगा. आता मोठा अधिकारी झालाय.

कोट बघा. कॉलर बघा. टोपी बघा.

हा कोट तुम्ही आधी कुठेतरी पाहिलाय. या सिनेमात नाही. जुन्या काळ्यापांढऱ्या चित्रफितींमध्ये.

व्हर्होवेनचा जन्म १९३८ चा, ॲमस्टरडॅमचा. लहानपण हेगमध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना. घराजवळ जर्मनांचा रॉकेटतळ. तळावर टाकायचे बॉम्ब वस्तीवर पडायचे. रस्त्यावर आग, रस्त्यावर प्रेतं, आणि ते सगळं त्या लहान मुलाला थरारक वाटायचं. पुढे मोठेपणी त्यानेच हे मोकळेपणाने सांगितलंय.

ज्या कादंबरीवरून त्याने हा सिनेमा काढला ती रॉबर्ट हाइनलाइनची, १९५९ ची, सैनिकी शिस्तीबद्दल अतिशय गंभीर. याने ती पूर्ण वाचलीच नाही. कंटाळा आला म्हणाला.

सिनेमा आला तेव्हा हा लष्करशाहीची आरती ओवाळतोय, असं काही समीक्षकांना वाटलं. नंतर बऱ्याच जणांना उलट वाटू लागलं. तो वाद आज बाहेर राहू दे, चपलांजवळ.

आपल्यासमोर फक्त कोट आहे. त्याला शिवण आहे, बटणं आहेत, आणि तो त्या पोराच्या अंगाला छान बसलाय. इतका छान, की बरं वाटतं.

त्या बरं वाटण्याकडेही बघा.

आता चालू करा. शेवटचं.

गुहेतून किड्यांचा मेंदू पकडून आणलाय. मोठा, मऊ, लिबलिबीत गोळा. खूप डोळे. जाळ्यात गुंडाळून, दोर लावून, उजेडात ओढलाय. पकडणारा झिम, रिकोला सैनिकी शिक्षण देणारा, युद्धावर जाता यावं म्हणून हुद्दा सोडून साधा शिपाई झालेला. चोहीकडे हजारो शिपाई.

कार्ल पुढे होतो. त्या मऊ अंगावर तळहात ठेवतो.

तळहात बघा.

त्याला मनातलं वाचता येतं. तो क्षणभर ऐकतो. सगळे गप्प.

मग तो सांगतो, हा प्राणी घाबरलाय.

आणि जल्लोष उसळतो. टोप्या, बंदुका, मुठी वर जातात. नगारे, पितळी वाद्यं.

तुम्ही कुठे आहात?

ओरडावंसं वाटलं? वाटलं असेल तर ते वाटणं अजून गरम आहे, त्याच्याजवळ बसा. जाळ्यातल्या त्या अनेक डोळ्यांकडे नजर गेली? मग तिथे बसा. दोन्ही झालं असेल, एकामागोमाग, किंवा एकदमच. पाठोपाठ आलेल्या दोन गाड्यांमधली कुठली आपली, हे फलाटावरच ठरवायला लागतं. इथे लागत नाही.

दोन्ही जाऊ द्या. दोन्ही ऐका.

श्वास आत.

श्वास बाहेर.

सिनेमा संपताना पुन्हा सैन्यभरतीची जाहिरात लागते. रिको, कार्मेन, सगळे त्या जाहिरातीत हिरो झालेले. भरती व्हा, म्हणते. तुम्हाला म्हणते.

नावं वर सरकायला लागली. उठू नका लगेच. शेकडो नावं आहेत. कुणी पाय रंगवले, कुणी धूळ उडवली, कुणी काडतुसं भरली. एखादं नाव पूर्ण वाचा. अवघड असलं तरी अक्षर अक्षर लावून वाचा. पुढचं सोडा. मधलंच एखादं आणखी वाचा.

त्यात फिल टिपेट यांचंही नाव येईल. याच माणसाने २००४ मध्ये दुसरा भाग दिग्दर्शित केला. पहिल्याला मिळालेल्या पैशांचा अगदी लहानसा हिस्सा हातात, म्हणून त्यात काळोख भरपूर आहे. किडा महाग पडतो, काळोख स्वस्त. तरी काही किडे त्याने आणलेत, आणि ते नीट चालतात.

तो आजच बघायचा असेल तर आधी उठून पाणी प्या, पाय मोकळे करा, आणि घरात चुरमुरे आहेत का बघा.